पश्चिमेकडचा गडगा

१

१७ जानेवारी २०२३, मंगळवार. आकाश निरभ्र, दव भरपूर, वारा नसल्यातच जमा.

एवढं लिहून काशीरामने वही पिशवीत ठेवली आणि तो जमिनीचे सौदे जमवणाऱ्या धोंडूच्या मोटरसायकलवर मागे बसला. अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत एकतीस वर्षं त्याने रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं होतं. पाऊस पडला नाही तरी शून्य लिहावं लागायचं. त्या शून्यांनीच त्याला वहीची सवय लावली. दव, ढग, वारा यांच्या नोंदी कशा करायच्या हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जुनी टिपणं वाचून तो आपला आपण शिकला होता.

मालगुंडहून वर चढलं की सडा लागतो. गवत कापून नेलेला, उघडा, तांबूस काळा कातळ, मधूनच काजूचं एखादं झाड, आणि पश्चिमेला खाली समुद्र. रस्त्याच्या कडेला धोंडूने गाडी लावली.

"हे बगा भाऊ, बत्तीस गुंठे. सातबाऱ्यावर एकच नाव. दमयंतीबाई, परळला असतात. दुसऱ्या जागांना सह्या घ्यायच्या तर एस.टी. भरून माणसं आणावी लागतात. इथं एक बाई आणि एक पेन. आणखी काय पायजे?"

काशीराम पूर्वेच्या रस्त्यापासून पश्चिमेच्या हद्दीपर्यंत पावलं मोजत गेला. अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण वाटेवरून चाललो आहोत. दीड फूट रुंदीची सरळ वाट होती ती. आजूबाजूचा कातळ खडबडीत, चप्पल पकडून ठेवणारा. वाटेवरचा मात्र घरातल्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झिजलेला.

"धोंडू, ही वाट कुणाची?"

"कुठली?"

"तू उभा आहेस ती."

धोंडूने खाली पाहिलं आणि तो बाजूला झाला. "गुरांची असंल."

"गुरं कुठायत?"

"भाऊ, तुम्ही जमीन घेताय का पंचनामा करताय?"

काशीराम हसला, पण पाठीमागे सरकला नाही. वसाहतीतल्या दोघांचे सौदे त्याच्या डोळ्यांदेखत वाटेपायी नासले होते. चार माणसं वर्षानुवर्षं चालत असली की वाट त्यांची होते, कागद काहीही म्हणो. मग गावकी, तहसील, कोर्ट. आणि काशीरामला दुसरी संधी नव्हती. पुढच्या जानेवारीत तो निवृत्त होणार होता, त्यानंतर चार महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं आणि हाताशी येणारा फंड एकदाच पुरणार होता. गावी जमीन म्हणजे अकरा चुलतभावांत मिळून तीन गुंठे. शेतकरी असल्याचा दाखला मिळण्यापुरती ती उपयोगी, घर बांधायला नाही.

त्याच्या बायकोचं, चंपाचं, मागणं तर त्याहून साधं होतं. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायला मनाई होती. एकतीस वर्षं तिने कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवलं.

"मला महाल नको," ती म्हणायची. "जिथं मला वाटेल तिथं खिळा मारता येईल अशी एक भिंत द्या."

"तीन दिवस दे मला," काशीराम धोंडूला म्हणाला. "वाटेने कोण जातं ते बघतो. मग बोलू."

२

तीन दिवस तो मालगुंडला ओळखीच्यांकडे राहिला आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत घडीचं स्टूल टाकून वाटेच्या कडेला काजूच्या सावलीत बसला. पहिल्या दिवशी दोन कुत्री आली, वाटेजवळ थांबली आणि वळसा घालून गेली. दुसऱ्या दिवशी कोणीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चिमा आली. सड्याखालच्या वाडीतली म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा, पायात एक निळी आणि एक काळी चप्पल.

तीही वाटेने आली नाही. खडबडीत कातळावरून, धडपडत, लांबून गेली.

"आजी, ही सरळ वाट सोडून तिकडून का?"

"ती माजी वाट नाय, बाबा."

"मग कुणाची?"

"चालतात त्यांची."

"कोण चालतं? मी तीन दिवस बसलोय, एक माणूस दिसला नाही."

म्हातारीने भारा सावरला. "तुला तीन दिवस बसायला मिळाले. मला घरी दोन म्हशी हायत." आणि ती गेली.

सहा वाजता काशीरामने लिहिलं: तीन दिवस, तेहेतीस तास, वापर शून्य. खाली त्याने आणखी एक ओळ लिहिली, कारण पाहिलेलं वगळायचं नाही हा त्याचा नियम होता. तीन दिवसांत आपण स्टूल एकोणीस वेळा मागे सरकवलं. शेजारी कंसात लिहिलं, सावली फिरते म्हणून.

मग त्याला आठवलं की सावली वाटेकडे सरकत होती आणि स्टूल वाटेपासून दूर. त्याने कंसातलं खोडलं नाही. उशीर झाला होता, शेवटची गाडी चुकली असती.

मार्चमध्ये खरेदीखत झालं. दमयंतीबाई व्हीलचेअरवरून आल्या होत्या. काशीरामने त्यांना वाटेबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वडिलांनी घेतली होती जमीन. आम्ही कधी राहिलो नाही तिथे." एवढंच त्या बोलल्या.

३

पावसाळा संपल्यावर गडगा घालायला घेतला. कातळातले दगड एकावर एक रचून केलेलं, चुना-सिमेंट नसलेलं कुंपण. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारा महिपत चार माणसं घेऊन आला. पूर्वेला रस्त्याकडे फाटकाची जागा सोडली. ती नेमकी वाट आत शिरते तिथेच आली, कारण रस्ता तिथेच सपाट होता.

काशीराम शनिवार-रविवारी येई. चौथ्या रविवारी आला तेव्हा चारी बाजू उभ्या होत्या, फक्त पश्चिमेला दीड फुटाची फट ठेवलेली.

"हे काय, महिपत?"

"तुमीच सांगितलात ना सोडायला?"

"मी? कधी?"

महिपतने माणसांकडे बघितलं. माणसांनी दगडांकडे. "सांगितलं कोणीतरी," महिपत म्हणाला. "मला वाटलं तुमीच. नायतर मी कशाला सोडतोय? मला तर फुटावर पैसे."

"बंद कर."

"राहू दे ना साहेब. कडेला हाय. कुणाचं काय जातं?"

"आज सोडली की उद्या ती कागदावर चढते. बंद कर."

महिपतने तंबाखू मळायला घेतली, आणि ती मळून होईना. शेवटी काशीरामने स्वतः दगड उचलले. गुडघ्याएवढा गडगा झाल्यावर त्याला एकाएकी आपले वडील आठवले. गावातून बाजाराला जायची सरळ वाट खोताच्या आमराईतून होती. एका वर्षी तिच्यावर काटे पडले, आणि पुढे मरेपर्यंत वडील डोक्यावर ओझं घेऊन नदीच्या कडेने पाऊण मैलाचा वळसा घालत राहिले. वाट बंद करणाऱ्याचं तोंड कसं दिसत असेल, हा प्रश्न त्याला लहानपणी पडायचा.

त्याने उरलेले दगड रचले. कमरेएवढा झाला, मग छातीएवढा. हा विचार त्याने वहीत लिहिला नाही. वगळलेली ती पहिली नोंद.

४

घराची आखणी फेब्रुवारीत केली. कोकणातल्या घरासारखं साधं घर: पुढे पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि पुढल्या दारातून बघितलं तर मागलं दार दिसेल अशी दोन्ही दारं समोरासमोर. दारं वाटेवर आली. दुसरीकडे कातळाला उंचवटा होता आणि उत्तरेला विहिरीसाठी सुरुंग लावून झाला होता. घराला जागा तीच होती.

महिपतने पायाच्या रेषांवर चुन्याची फक्की टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेषा सगळीकडे जशाच्या तशा होत्या. वाट ओलांडतात तिथे मात्र दीड फूट पुसलेल्या.

"वारा," काशीराम म्हणाला.

"वारा एवढाच तुकडा नेतो?"

फक्की पुन्हा टाकली. काशीराम तिथे उभा राहिला. तासाभरात, त्याच्या नजरेसमोर, फक्की हळूहळू फिकट होत गेली. उडाली नाही, पसरली नाही. दारातली रांगोळी दिवसभराच्या ये-जा करण्याने जशी विरते तशी विरली. त्याने वाकून बघितलं. पावलांचा ठसा नव्हता. पुसल्याची दिशा मात्र होती: चुन्याचा बारीक माग पश्चिमेकडे गेला होता. फक्त पश्चिमेकडे.

"घर चार हात सरकवूया का?" महिपतने हळूच विचारलं. "उंचवटा फोडायला लागंल, पण फोडू. माझ्या मजुरीत कमी-जास्त करा."

चार हात. काशीरामने खरोखर विचार केला. पण घर सरकवायचं म्हणजे वाट आहे हे मान्य करायचं, आणि तेहेतीस तास बसून आपण जे लिहिलं ते खोटं ठरवायचं. शिवाय क्वार्टर सोडायला तीन महिने उरले होते.

"पाया खोल घे," तो म्हणाला.

५

गृहप्रवेश बुद्धपौर्णिमेला झाला, २३ मे २०२४ रोजी. ऊन कडक, दमट, दक्षिणेकडून ढग. चंपाने आदल्या दिवशीच हातोडी घेतली होती आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत सतरा खिळे मारले होते. गाळणीला खिळा, किसणीला खिळा, नुसता खिळा.

"हा कशाला?" काशीरामने विचारलं.

"हा असाच. माझा."

"सतरावा आहे."

"मोजा, मोजा. मी मेल्यावर पण मोजाल, किती वाजून किती मिनिटांनी गेली ते."

वंदनेला वसाहतीतली, वाडीतली मिळून चाळीसेक माणसं आली. माजघर भरलं. त्रिसरण, पंचशील झालं. बायकांचा आवाज कौलांखाली घुमत होता. दहा-बारा जण जागा नाही म्हणून पडवीबाहेर उन्हात उभे होते. मुलगा सम्यक पनवेलहून आला होता. तो स्टुलावर चढून मोबाइलवर फोटो काढत होता, आणि फोटो काढता काढता थांबला.

"पप्पा, ती माणसं बाहेर का उभी आहेत?"

"आत जागा नाही."

"आहे की. हे बघा."

फोटोत माणसं दाटीवाटीने, मांडीला मांडी लावून बसली होती. आणि पुढल्या दारापासून मागल्या दारापर्यंत, मधोमध, दीड फुटांची मोकळी पट्टी. कोणाचा पदर तिच्यावर नाही, कोणाचं मूल नाही. दोन्हीकडच्यांनी पाय आखडून घेतले होते.

"बायका आणि पुरुष वेगळे बसले असतील," काशीराम म्हणाला.

"दोन्हीकडे दोन्ही आहेत पप्पा," सम्यक म्हणाला आणि हसला. "पाहुण्यांना शिस्त आहे म्हणायची."

त्याच रात्रीच्या गाडीने तो गेला.

६

पावसाळा घरात गेला. बाहेर सड्यावर हिरवं शेवाळ धरलं, वाटेवर धरलं नाही. घरातल्या शहाबादी फरशीवर ऑगस्टपर्यंत एक तुकतुकीत पट्टा उमटला. चंपा म्हणाली फरशी चांगली आहे, पाय लागून लागून चमकते.

काशीरामला खरं काय ते एका दुपारी कळलं. चंपा माजघरात तांदूळ निवडत बसली होती, पाय लांब करून. ती नीट बोलत होती, वाडीतल्या कुणाच्या तरी लग्नाबद्दल. बोलता बोलता तिने पाय जवळ घेतले, क्षणभर थांबली, आणि पुन्हा लांब केले. बाजारात एखाद्याला जाऊ द्यावं तसे.

"काय झालं?"

"कशाचं?"

"पाय का घेतलेस?"

"कुठं घेतले?" तिने खरोखर गोंधळून विचारलं. आणि तेवढ्यात पुन्हा घेतले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो कोपऱ्यात बसून मोजत राहिला. चौसष्ट वेळा. प्रत्येक वेळी तिची मान किंचित पुढल्या दाराकडून मागल्या दाराकडे वळे. उलट एकदाही नाही. रात्री जेवताना त्याला दिसलं की आपण स्वतः ताट उचलून धरलं आहे, आणि किती वेळ धरलं आहे ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गोदरेजचं कपाट ओढून मधोमध आणलं. सामान भरलेलं, दोघांना जेमतेम हलणारं कपाट. घाम निथळेपर्यंत ढकललं. चौथ्या दिवशी तो मालगुंडहून दळण घेऊन आला तर कपाट भिंतीला.

"हे कोणी सरकवलं?"

"मी," चंपा म्हणाली. तिचे तळहात सोलपटले होते. "अडचण होत होती."

"कुणाला?"

चंपाने तळहात पदराला पुसले. मग म्हणाली, "मला काय माहीत? होत होती खरी."

त्याने तिला सगळं सांगितलं. स्टूल, फट, फक्की, सगळं. वही काढून दाखवली. म्हणाला, काही दिवस सम्यककडे जाऊ. चंपाने वही वाचली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी एकतीस वर्षं सरकारच्या घरात पाव्हणी होते," ती म्हणाली. "आता माझ्या घरातून मी कुठं जाणार नाही. जाणारे जाऊ देत. आपलं काय घेतात?"

त्याने वही मिटली. खरंच काही घेत नव्हते.

७

नोव्हेंबरमध्ये चंपाच्या पाय घेण्याची त्याची रोजची मोजणी कमी होऊ लागली. पन्नास, मग बावीस, मग नऊ. काशीरामला बरं वाटलं. त्याने लिहिलं: घट. त्याच सुमारास चंपा घरात तिरकी चालू लागली, खांदा पुढे करून. भांडी आवाज न करता ठेवू लागली. "जरा दाटल्यासारखं होतं," म्हणायची. "दारं उघडी ठेवा." दारं उघडीच असायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो बऱ्याच दिवसांनी मागच्या बाजूला गेला. गडग्यावर चढून त्याने पलीकडे पाहिलं. पलीकडे, पश्चिमेला, वाट नव्हती. वर्षभरात तिच्यावर गवत आलं होतं, कमरेएवढं, वाळलेलं, सलग. तिथून कोणी गेलं नव्हतं.

मग त्याने आत पाहिलं. गडग्याच्या पायथ्याशी वाट संपत नव्हती. ती रुंद झाली होती. गडग्याला लागून दहा-बारा फूट कातळ गुळगुळीत, आणि तिथून ते गुळगुळीतपण फुगत फुगत मागे घराकडे आलेलं. बाजाराच्या दिवशी बंद दारापुढे माणसं साठावीत तसं. त्याने टेप लावली. घराच्या मागल्या पायरीपर्यंत आठ फूट उरले होते.

दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी टेप लावायला जागा नव्हती.

मोजणी का घटली ते त्याला तिथे उभ्या उभ्या समजलं. आत यायला फाटक होतं. बाहेर जायला त्याने काही ठेवलं नव्हतं. जाणारे कमी झाले नव्हते. ते पुढे सरकायचे थांबले होते.

घरात चंपा माजघराच्या कोपऱ्यात उभी होती, दोन्ही हात छातीशी घेऊन. समोर सगळी खोली मोकळी होती.

"बस ना," तो म्हणाला.

"बसायला होत नाही," ती म्हणाली.

तो तिच्याकडे जायला निघाला. खोली बारा फुटांची. पोचायला त्याला वेळ लागला. कोणी धक्का दिला नाही, काही अंगाला लागलं नाही. पण पाऊल टाकावं तिथे टाकायची इच्छा होत नव्हती, दुसरीकडे टाकावं लागत होतं, आणि खोलीत उकाडा होता, डिसेंबरात, ओल्या कपड्यांचा वास असलेला. त्याने तिचा हात धरला आणि तिला पुढल्या दाराकडे ओढलं. दोन पावलं आली. मग येईना. ती ओढत नव्हती, विरोधही करत नव्हती. जत्रेत उलट्या दिशेने निघालेल्या माणसासारखी जागच्या जागी होती.

"उद्या सकाळी गडगा फोडतो," तो म्हणाला. "मागे. मग मोकळं होईल."

"आजच फोडा," चंपा म्हणाली.

तोपर्यंत अंधारलं होतं, आणि दिसल्याशिवाय दगड काढणं धोक्याचं. त्याने सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. रात्रभर दोघं उभी होती.

८

११ डिसेंबर २०२४, बुधवार. निरभ्र, गारवा, ईशान्येचा हलका वारा. हे त्याने सवयीने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

साडेसातला तो पहार घेऊन मागच्या गडग्याकडे गेला. खिडकीतून उतरून, भिंतीच्या कडेकडेने. चंपाला तो म्हणाला होता, तूही ये. ती म्हणाली होती, दूध तापत ठेवलंय, शेगडीपर्यंत कशीबशी पोचलेय, वर आलं की येते.

वरचे दगड सहज निघाले. त्याने ते स्वतः रचले होते, कुठला कशावर टेकला आहे हे त्याला आठवत होतं. छातीएवढा, मग कमरेएवढा. गुडघ्याएवढा राहिला तेव्हा उरलेले दगड आपोआप बाहेरच्या बाजूला पडले. एकेक नाही, सगळे मिळून.

काशीराम बाजूला फेकला गेला नाही. तो फटीच्या कडेला गडग्याला पाठ लावून उभा होता आणि त्याला तिथून हलता येईना, इतकंच. समोर ऊन पडलं होतं. मोकळं अंगण दिसत होतं. फटीतलं गवत आडवं झालं, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं. पाण्याला वाट मिळावी तसं. आवाज म्हणावा तर गवताचाच.

मग मागल्या दारात चंपा दिसली.

ती चालत होती. पण पावलं तिची नव्हती. ती नेहमी सावकाश चालायची, उजवा पाय किंचित आत टाकून. आता ती छोटी छोटी, घाईची पावलं टाकत होती, पुढच्याच्या टाचेला लागू नये अशी. खांदे दोन्हीकडून दाबल्यासारखे आत. पदराचं टोक मागे कुठे तरी अडकून ताणलेलं, हवेत. तोंड वर केलेलं, श्वास घ्यायला. एक हात तिने डोक्याच्या वर धरला होता, गर्दीत आपल्या माणसाला दिसावा म्हणून धरतात तसा.

"चंपा!"

तिने त्याला पाहिलं. ओळखलं. त्याच्यापासून ती हातभर अंतरावरून गेली. त्याने हात लांब केला, आणि हात मध्येच थांबला, कशाला लागला नाही, नुसता पुढे गेला नाही.

"गॅस बंद करा हं," ती म्हणाली.

आणि ती फटीतून बाहेर पडली. वर केलेला हात बराच वेळ गवताच्या वर दिसत होता. तिच्या मागूनही गवत दबत राहिलं. काशीराम गडग्याला टेकून होता, ऊन डोक्यावर येईपर्यंत. तो सुटला तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

दूध जळून भांडं काळं पडलं होतं. त्याने गॅस बंद केला.

९

तक्रार त्याच दिवशी दुपारी नोंदवली गेली. चंपा, वय पंचावन्न, उंची चार फूट अकरा इंच, अंगावर हिरवी सुती साडी, पायात काही नाही. सम्यक रात्री पोचला. वाडीतली माणसं, सम्यक आणि पोलीस यांनी सडा, उतारावरची काजूची रानं आणि किनारा सव्वीस दिवस शोधला. पंचनाम्यात लिहिलं आहे की गडग्याच्या फटीपासून सड्याच्या कड्यापर्यंत सुमारे अकराशे मीटर लांब आणि आठ फूट रुंद गवत पश्चिमेच्या दिशेने आडवं पडलेलं आढळलं, बहुधा जनावरांनी तुडवलेलं. कड्याखाली काही सापडलं नाही. चंपा सापडली नाही.

सम्यकने पनवेलला चला म्हणून तीनदा सांगितलं. काशीराम गेला नाही. तो त्याच घरात राहतो, आणि गडग्यातली फट त्याने पुन्हा बुजवलेली नाही. पुढलं आणि मागलं, दोन्ही दारं त्याने बिजागऱ्यांतून काढली आहेत आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवली आहेत.